नियम सात

तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, तू मंच का सोडलास? फोनवर सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहून पाठवते आहे.

इंदूरच्या मराठी लोकांचा तो ऑनलाइन चर्चामंच. आम्ही तिघं तो सांभाळायचो: महाराष्ट्रातून इथल्या कॉलेजात आलेले एक प्राध्यापक, कृष्णपुऱ्याकडचे एक स्टेशनरीवाले आणि मी. मंचाचे नियम मी लिहिले होते. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, नियम लिहिण्याची हौस जाते कुठे! सातवा नियम असा: जुने वाद उकरून वातावरण बिघडवू नये.

मजकूर काढायची पद्धत सोपी होती. एकाने कारण देऊन सुचवायचं, दुसऱ्याने होकाराचं बटण दाबायचं, की मजकूर गेला. लिहिणाऱ्याला काहीच कळवायचं नाही. सुचवलेल्यांची यादी मी रोज चहा आणि आंघोळ यांच्या मधे संपवत असे. यादीत फक्त पहिली ओळ आणि कारण दिसे.

मंचावर जुने फोटो टाकायचं ठरलं, तेव्हा माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने तिच्या आजोबांचा वर्दीतला फोटो टाकला. खाली लिहिलं की आजोबा महूला फौजेत होते. पुढे लिहिलं की लहानपणी मराठी मंडळाच्या गणपतीत तिला गाण्याचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याच दिवशी जेवणाच्या वेळी तिच्या आईचं ताट हॉलबाहेर, चपलांजवळ मांडलं. आम्ही बौद्ध आहोत हे मांडणाऱ्यांना ठाऊक होतं, एवढंच शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी ते गायब.

तिचा फोन आला. "किसने निकाला? तू तिथे बसलेली असतेस ना?"

"मी नाही काढलं," मी म्हटलं. "शोधून काढते."

मी प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "आजी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. कोणी काढलं हे बाहेर सांगायचं नसतं."

"मला आजी म्हणू नका. माझी नातवंडं दोन आहेत, त्यांत तुम्ही नाही. त्या बाईंनी खोटं काय लिहिलं होतं?"

"खरं-खोट्याचा प्रश्नच नाही. लोकांना आवडत नाही असलं."

"कुठल्या लोकांना? ताट मांडणाऱ्यांना?"

स्टेशनरीवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, "अरे जाने दो ना मॅडमजी, मंचावरचे भिया लोक आधीच भडकलेत."

मी तो मजकूर काढल्याची नोंद मागितली. ती फक्त प्राध्यापकांना दिसे. चार दिवस टाळल्यावर त्यांनी ती पाठवली, वर एक ओळ लिहून: 'घ्या तुमची पारदर्शकता.'

सुचवणारे: प्राध्यापक. कारण: नियम सात. होकार: मी. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

पहिली ओळ होती, 'माझे आजोबा महूला फौजेत होते.' त्यात वाद कुठला? पण मी मजकूर उघडलाच नव्हता. कारणाच्या जागी माझाच नियम दिसला आणि मी बटण दाबलं.

त्याच दुपारी मी मंचावर सगळं लिहिलं: काय काढलं, कोणी सुचवलं, होकार कोणाचा, न वाचता दिलेला. तासाभरात तेही गेलं. या वेळी प्राध्यापकांनी नोंद न मागता पाठवली: सुचवणारे ते, होकार स्टेशनरीवाल्यांचा. कारण: नियम सात.

मग मी माझा तो मजकूर कागदावर छापून घेतला आणि तिच्या घरी गेले. तिने दारातच उभ्या उभ्या वाचला.

"हे मंचावर टाकलंस?"

"टाकलं होतं. काढलं त्यांनी."

"म्हणजे मंचावर कोणालाच माहीत नाही."

"नाही."

"आणि मला तू काय सांगितलंस? मी नाही काढलं."

"तेव्हा मला आठवत नव्हतं गं."

"हां. माझी आई शेवटपर्यंत ते ताट विसरली नाही. तू एका दिवसात विसरलीस."

मी म्हटलं, तुझा फोटो परत लावायला लावते, भांडेन मी.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या होकारावर माझे आजोबा नकोत."

कागद तिने घडी घालून स्वतःकडे ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मला कोणी पाणी विचारलं नाही. घरी आले आणि मंच सोडला. प्राध्यापकांनी निरोपाला फुलांचं चित्र पाठवलं, ते मी न उघडता काढून टाकलं.