चंद्रमतीची कांजी

सोमवारी वजन अडतीस किलोच्या खाली गेलं तर किरणं थांबवावी लागतील, असं डॉक्टरीण म्हणाली. आज शुक्रवार, आणि काटा नेमका अडतीसवर. माझी बायको चंद्रमती. तोंडाच्या कर्करोगावरच्या किरणांनी तिचा घसा भाजलाय, लाळ आटलीय. घट्ट कांजी घशात चिकटते, पाणी घातलं तर अंगी काही लागत नाही. नाकातून नळी म्हटलं की ती तोंड फिरवते. मी पापनाशम स्टेशनवर तिकिटं देऊन निवृत्त झालेला माणूस, मला काय डोंबल सुचणार?

चंद्रमती अठ्ठावीस वर्षं तंजावूरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दरवर्षी भाताच्या कांजीत आयोडीन घालून ती निळी करायची. मग त्यात लाळ मिसळली की निळा रंग हळूहळू जायचा, कारण लाळेतला पाचक रस पिष्ट फोडून त्याची साखर करतो. मुली थुंकायला लाजायच्या. "कैरीचं लोणचं आठवा, पाणी सुटेल," असं म्हणून ही बाई आधी स्वतः थुंकायची. घरी मात्र उष्ट्याचा केवढा बाऊ. पेला ओठाला न लावता वरून पाणी ओतून प्यायचं, मीसुद्धा. एक्केचाळीस वर्षांत तिनं माझं उष्टं कधी खाल्लं नाही.

दुपारी तिनं आयोडीन मागितलं. दोन पेल्यांत थोडी थोडी कांजी घेऊन तिनं निळी केली. चमच्यानं जीभ खरवडली आणि तो चमचा एका पेल्यात ढवळला. आम्ही वाट पाहिली. निळं ते निळंच राहिलं.

"संपलं," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "तुझी परीक्षा कोण घेतंय इथं?" म्हणालो आणि रागानं दुसऱ्या पेल्यात थुंकलो. लाज वाटली, म्हणून उगाच ढवळत बसलो. दहा मिनिटांत निळं फिकं पडलं. पण मी पाहिलं ते वेगळंच. महिनाभर मीच कांजी शिजवतोय, मला तिची जात कळते. थेंबभर पाणी न घालता ती पातळ झाली होती. भात सगळा आतच होता.

मी तिसऱ्या भांड्यात आयोडीन न घातलेली ताजी कांजी आणली आणि तिच्यात थुंकायला वाकलो.

"उष्टं ते," ती म्हणाली.

"हो, उष्टं. माझं." मी हात जोडले. "चंद्रमती, मला एकट्याला जेवायला लावू नकोस."

तिनं भांड्याला बोट लावून पाहिलं. मग वर्गातल्या आवाजात म्हणाली, "गरम आहे. गरमात रस मरतो, कोमट करा. पातळ झाल्यावर मात्र चांगली उकळा."

"मग मरेल ना तो?"

"मरू दे. तोवर त्याचं काम झालेलं असतं. जंतूही मरतील."

मी तसंच सगळं केलं आणि निवल्यावर कांजी पेल्यात ओतली. तिनं पेला ओठाला लावला. घोट घोट करत अर्धा संपवला.

"गोड लागते?"

"चव काहीच नाही. उतरते."

मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

संध्याकाळी तिनं स्वतःच भांडं माझ्यापुढे सरकवलं. सोमवारचा काटा डोळ्यांसमोर आला आणि माझंच तोंड कोरडं पडलं. काही केल्या लाळ सुटेना. भांडं हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

तिनं चमच्यानं टेबल ठोकलं.

"कैरीचं लोणचं आठवा," ती म्हणाली.