आत्या त्या गवती घरात बसलीच नाही

मंडळी, आज मन खट्टू आहे.

माझी आत्या पहिल्यांदाच आमच्याकडे जपानला आलीय. तिच्या लहानपणी, साठ सालाच्या आसपास, मुळशीत त्यांचं घर गवताने शाकारलेलं होतं. म्हणून आज तिला हौसेने इथलं तसंच एक जुनं शेतकऱ्याचं घर दाखवायला नेलं.

आत मधोमध चूल पेटलेली, वर काळंकुट्ट छप्पर. मी म्हटलं, "आत्या, बस ना चुलीपाशी, फोटो काढते."

ती उभीच. घर दाखवणाऱ्या बाई काय सांगतायत, असं तिने विचारलं.

"इथे कुणी राहत नाही, तरी रोज चूल पेटवतात. धुराने गवताला कीड लागत नाही," मी त्यांचं बोलणं सांगितलं.

"गवताला मानवतो व्हय धूर," आत्या म्हणाली. "माज्या आयला न्हाई मानवला. खोकून खोकून गेली. आबा दरसाली म्हनायचा, औंदा कौलं घालू. कौलं आली, तवा आय नव्हती."

ती बाहेर निघून गेली.

माझ्या आजीबद्दल हे मला आज कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

जुन्या घरांचा गारवा आपण सगळेच आठवतो. त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला कसं वाटायचं, हे तुम्ही कुणाला विचारलंय का?