लाल रेघेवरचं वाक्य

मंडळी, चावडीवरचा हा फळा अख्खं कोऱ्हाळे वाचतं, म्हणून आज सकाळी घडलेलं इथंच लिहितो.

या फळ्यावर कुणीही लिहावं अशी आपली रीत. एखाद्या जातीला सरसकट शिवी दिसली की मी ती पुसत नाही, खाली लाल खडूनं रेघ ओढतो. लिहिणाऱ्याला लाज वाटावी म्हणून.

पारध्यांना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा सरकारनं नुकताच उठवला. ते कुणाला तरी सोसलं नाही. काल इथं लिहिलेलं दिसलं, 'पारधी सगळे चोर. गावात थारा देऊ नका.' मी रेघ ओढली.

सकाळी सुभानाआबा पारधी आले. तुमच्याच उसाची राखण करतात ते. माझ्या प्रौढांच्या वर्गात नुकतेच वाचायला शिकलेत. वर्गात पाटीवर जे वाचायचं त्याखालीही मी लाल रेघच ओढतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"गुर्जी, हितंबी धडा हाय व्हय?"

"आबा, ते राहू द्या."

"सांगू नगा. माझं मी वाचतो."

बोट ठेवून, अक्षरं जुळवत, सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं त्यांनी वाचलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बरूबर वाचलं न्हवं?"

"बरोबर," मी म्हणालो.

पाटीबाहेरचं त्यांनी वाचलेलं हे पहिलंच वाक्य.

खाली जागा कोरी ठेवलीय. उद्या आबा आलेच, तर त्यांनी काय वाचायचं?