खरं, का तुमचं?

रेडिओवरच्या नाटकवाल्यांचे किस्से फार साठतात, आणि त्याला कारण आहे. स्टेजवर कोणाची फजिती झाली तर ती सगळं गाव बघतं. आमची फजिती व्हायची जाड दारामागे, बंद स्टुडिओत. बघणारे आम्हीच पाच-सहा जण! मग ती जपायचीही आम्हीच आणि तिखटमीठ लावून सांगायचीही आम्हीच. त्यामुळे आम्ही भेटलो की दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, "तो बैलाचा सांग रे!"

मी ह्या मंडळीत सत्तावीस वर्षं होतो. नोकरी बँकेत, हौस रेडिओची. माझ्या वाट्याला कायम पोस्टमन, हवालदार, नाहीतर 'गर्दीतला दुसरा आवाज'. पहिला आवाज मला कधीच मिळाला नाही! त्यामुळे परवा रेडिओ नाटकांच्या पुरस्कार सोहळ्याचं आमंत्रण आलं, तेव्हा बायकोनं पाकीट उलटसुलट करून विचारलं, "तुम्हाला कशासाठी?"

म्हटलं, "पाहुणा म्हणून."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

खरं कारण संध्याकाळी फोनवर कळलं. संयोजक म्हणाले, "अण्णा वैद्यांना जीवनगौरव द्यायचाय. ते 'नको' म्हणून फोन ठेवून देतात. तुम्ही त्यांना आणि काकूंना घेऊन या."

*

अण्णा म्हणजे आमचे इफेक्ट्सवाले. नाटकात दार करकरलं, घोडा दौडला, वीज कडाडली, की ते अण्णा. सामान काय, तर एक सूप, नारळाच्या करवंट्या, एक पत्रा आणि कुठल्यातरी मोडीत निघालेल्या दाराची कडी. चाळीस वर्षं त्यांनी एवढ्यावर काढली.

एका नाटकात प्रचारसभा होती आणि टाळ्या वाजवायला आम्ही तिघंच. अण्णांनी शिकवलं, "एकदम तुटून पडायचं नाही. आधी एक पोकळ हाताची, मग एक चपट्या हाताची. मग तोंड फिरवून एक लांबची. पुन्हा एक जवळची. चार झाल्या की बाकीच्यांनी शिरायचं. एका माणसाच्या टाळ्या एका माणसाच्या वाटता कामा नयेत!"

मी जीव तोडून वाजवल्या. अण्णांनी हात वर करून तालीम थांबवली.

"अहो, ह्या तुमच्या बँकेतल्या निरोप समारंभाच्या टाळ्या झाल्या. ह्या माणसाला लोकांनी निवडून आणायचंय!"

*

अण्णा सराव घरीच करायचे, आणि तो भोगला काकूंनी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात काकू आतल्या खोलीत निजल्या होत्या. सरी कोसळल्याचा आवाज आला. काकू धावत गच्चीवर गेल्या आणि वाळत घातलेले कपडे गोळा करून आणले. बाहेर रखरखीत ऊन! खाली येऊन बघतात तर अण्णा सुपात तांदूळ घोळवत बसलेले.

तेव्हापासून काकूंचा कुठल्याच आवाजावर विश्वास राहिला नाही. दार वाजलं, की आधी अण्णांना विचारायचं, "खरं, का तुमचं?" ढग गडगडले, की "खरं, का तुमचं?"

एकदा खरोखरच पाऊस आला आणि सगळी धुणी चिंब भिजली. अण्णा चिडले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, तुमचं आहे. आज जरा बरं जमलंय, एवढंच म्हटलं मनात."

*

आता बैलाचा सांगतो.

एका ग्रामीण नाटकात बैलगाडीचा प्रवास होता. अण्णांनी घुंगुरमाळ मनगटाला बांधली, दोन हातांत करवंट्या घेतल्या आणि अशी गाडी हाकली की आम्हाला धूळ दिसायला लागली. नाटक लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लोणी काळभोरचे एक शेतकरी स्टुडिओच्या दारात हजर! फेटा, हातात पिशवी.

"कालच्या नाटकातला बैलवाला कोन हाय?"

आम्ही अण्णांना पुढे केलं. गृहस्थांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुमचा डाव्या अंगाचा बैल लंगडतोय. खूर बघा त्याचा. आसं जनावर गाडीला जुपू न्हाई."

आम्ही हसलो. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. आदल्या आठवड्यात बसमधून उतरताना डावं मनगट मुरगळलं होतं आणि त्यावर अजून पट्टी होती.

गृहस्थांनी पिशवीतून हळकुंड काढून दिलं. म्हणाले, "उगाळून लावा. चार दिवस गाडी बंद."

*

एवढा माणूस, पण त्याचं नाव कधी रेडिओवर आलं नाही. ह्यात कोणाचं वैर नव्हतं. नाटक संपलं की आमच्या निवेदिका शैलाताई श्रेयनामावली वाचायच्या. आधी लेखक, मग दिग्दर्शक, मग आम्ही कलाकार, आणि सगळ्यात शेवटी 'ध्वनिपरिणाम'. नाटक हमखास अर्धं मिनिट लांबायचं. बातम्या कोणासाठी थांबत नाहीत! त्यामुळे अण्णांचं नाव यायच्या आतच वेळेचे ठोके पडायचे, पिप्, पिप्.

काकू प्रत्येक नाटकाला ट्रान्झिस्टरला कान लावून बसायच्या. ठोके पडले की म्हणायच्या, "गेलं."

एकदाच शैलाताई घाईघाईनं "ध्वनिपरिणाम, के..." एवढं म्हणू शकल्या. अण्णांचं खरं नाव केशव. काकूंनी त्या 'के'साठी शिरा केला!

मला एकदा त्या म्हणाल्या होत्या, "लग्नात मी उखाण्यात नाव घेतलं, तेवढंच. त्यानंतर ह्यांचं नाव कोणी चारचौघांत मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलं नाही. मरायच्या आधी एकदा ऐकायचंय." हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. गेल्या काही वर्षांत काकूंची नजर अगदीच अधू झालीय. आता त्यांचं सगळं कानांवर चालतं.

*

तर मी अण्णांकडे गेलो. तिथे रेवा आधीच बसलेली. रेवा खराडीला आयटीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार मित्रांबरोबर ऑडिओ नाटकं करते. तिचे सगळे आवाज लॅपटॉपमध्ये.

"अण्णा, हा बघा, हेवी रेन. हा लाइट रेन."

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. "कुठला आहे?"

"म्हणजे? डाउनलोड केलाय."

"अगं, पाऊस कुठल्या गावचा?" अण्णांनी सूप ओढलं. "मुळशीचा असेल तर तांदूळ, दोन मुठी. पुण्याचा असेल तर साबुदाणा, मधेच थांबवायचा. सोलापूरचा असेल तर..." त्यांनी सुपात ज्वारीचे चार दाणे टाकले, एकदा हलवले आणि सूप खाली ठेवलं.

"पुढे?" रेवानं विचारलं.

"संपला."

पोरीनं लॅपटॉप मिटला आणि वही काढली!

मी सोहळ्याचा विषय काढला. अण्णा म्हणाले, "आवाज केल्याबद्दल पुरस्कार? आमच्या सोसायटीत आवाज केल्याबद्दल नोटीस येते."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिथे नाव पुकारतात का हो?"

अण्णांनी सुपातले चार दाणे उचलून डब्यात परत टाकले. मग म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

*

सोहळा रविवारी सकाळी, स्वारगेटजवळच्या एका सभागृहात. एक वाजता हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती, पण सुती. "रेशमी फार सळसळते. ह्यांना चालत नाही माईकजवळ."

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार आमच्या वसंतरावांना. आता रेडिओत एक शिस्त असते. संहितेची पानं सुटी ठेवायची, आणि वाचून झालेलं पान उलटायचं नाही, कारण कागद वाजतो. ते अलगद खाली सोडून द्यायचं. वसंतरावांनी भाषण लिहून आणलं होतं, सात पानं. पहिलं वाचलं आणि सोडलं. पान तरंगत प्रमुख पाहुण्यांच्या पायाशी!

पाहुणे भले गृहस्थ. वाकले, पान उचललं आणि वसंतरावांच्या हातात दिलं. वसंतरावांनी दुसरं सोडलं. पाहुणे पुन्हा वाकले. चौथ्या पानाला ते हळूच म्हणाले, पण माईकवर ऐकू आलंच, "अहो, आवडत नसेल भाषण तर थांबवा ना!"

ह्या देवाणघेवाणीत वसंतरावांच्या हातात पहिलं पान परत आलं आणि त्यांनी ते पुन्हा वाचलं, तितक्याच भावपूर्ण आवाजात. सभागृहात कोणाच्याही लक्षात आलं नाही!

*

ह्या सगळ्यात पाऊण वाजून गेला. बाहेर जेवणाची पाकिटं वाटायला सुरुवात झाली आणि रेडिओबाहेरची मंडळी तिकडे पांगली. उरलो आम्ही रेडिओवाले. जीवनगौरव अर्थातच यादीत शेवटी! सूत्रसंचालक मुलानं घड्याळ बघितलं, संयोजकांकडे बघितलं आणि म्हणाला, "वेळेअभावी उरलेला एक पुरस्कार आपण घरपोच देणार आहोत. आता आभारप्रदर्शन..."

काकूंनी माझं मनगट धरलं. "गेलं," त्या म्हणाल्या.

सत्तावीस वर्षांत नाटकात कधी मोठ्यानं बोललो नव्हतो, आता बोलावं म्हणून उठलो. पण माझ्याआधीच दुसऱ्या रांगेतून काठीचा आवाज आला. शैलाताई! वय एक्क्याऐंशी. मंचावर चढल्या आणि त्या मुलाच्या हातातून माईक घेतला. "बाळ, ही चूक माझी आहे. तू शिकू नकोस."

अण्णांना त्यांनी खुणेनं वर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. अण्णांनी नारळ कानाशी हलवून बघितला आणि पुटपुटले, "करवंट्या बऱ्या निघतील."

व्हिडिओवाल्यानं मागे ठेवलेला कॅमेरा उचलून थेट आमच्यासमोर आणला. त्यावर लाल दिवा लागला.

शैलाताईंनी घसा साफ केला. आवाज तोच, जराही म्हातारा झालेला नाही.

"वेळेअभावी लेखक, दिग्दर्शक आणि कलाकारांची नावं देता येत नाहीत. ध्वनिपरिणाम: केशव रामचंद्र वैद्य."

आणि सभागृहात चिडीचूप!

कोणी टाळी वाजवेना. कशी वाजवणार? समोर लाल दिवा. लाल दिवा म्हणजे रेकॉर्डिंग चालू. आयुष्यभराची सवय, मुंगी चावली तरी 'आई गं' संहितेत असेल तरच म्हणायचं! सगळे श्वास धरून बसलेले. मीसुद्धा. वसंतरावांना खोकला आला होता, तो त्यांनी रुमालात दाबला.

एक सेकंद. दोन. तीन. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे गुन्हा. अण्णांनी अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघितलं. मग नारळ टेबलावर ठेवला.

एक पोकळ हाताची. एक चपट्या हाताची. तोंड फिरवून एक लांबची. एक जवळची.

आणि आम्ही शिरलो! रेवा उभी राहिली, वसंतराव उभे राहिले, पाकिटं घेऊन गेलेले लोक दारातून परत आत आले. मी निवडून आणायच्या टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत.

काकू बसूनच होत्या. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. मान किंचित कलती करून त्या ऐकत होत्या. मग त्यांनी माझी बाही ओढली.

"हे खरं, का ह्यांचं?"

मी खाली वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "खरं, काकू! सगळं सभागृह उभं आहे."

"ते कळलं हो," काकू म्हणाल्या. "पण पहिल्या चार ह्यांच्याच होत्या."