हाली पॉइंट, कलदार पॉइंट

ज्या भांडणाचा निकाल लागतो ते माणूस विसरतो. आमच्या एकाही भांडणाचा निकाल कधी लागला नाही, म्हणून सगळी माझ्याकडं शिल्लक राहिली. कुणी भेटलं की एक बाहेर निघतं, त्याच्या शेपटीला धरून दुसरं!

सेलूला मी एका जिनिंगमध्ये कारकून होतो. जिनिंगच्या मागं मोकळं आवार होतं. तिथं दोन बांबू रोवून, जाळी बांधून गावातली पोरं व्हॉलीबॉल खेळायची. कडेला कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या आणि त्या गाठींवर आमची चौघांची जागा ठरलेली. मी, शाळेतले दिगंबर मास्तर, सायकल दुकानवाले कादरभाई आणि वालूरचे भुजंगअप्पा. अप्पा शेतकरी. कापसाची गाडी घेऊन यायचे आणि मॅच संपल्याशिवाय बैल जुंपायचे नाहीत. आमच्यातले कादरभाई तेवढे गाठींवरून खाली उतरायचे, कारण पंच तेच असायचे.

मॅच हे निमित्त! निजाम गेला, सरकार बदललं, सिक्का बदलला, राज्य बदललं. दर बदलाला कुणीतरी आपल्याला फसवतंय अशी आमची खात्री असायची. आणि खरं सांगतो, निम्म्या वेळा ती खरी निघायची!

* * *

पोलीस ॲक्शननंतरचे दिवस. चार माणसं जमवायची तरी परवानगी काढावी लागे. वालूरला मॅच ठरली आणि अप्पांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला.

कचेरीत साहेब नवा, बाहेरच्या प्रांतातला. त्यानं हुकूम काढला इंग्रजीत. तो मराठीत करायला बसवलेला कारकूनही नवाच. त्यानं जन्मात हा खेळ पाहिलेला नसावा. पण विचारायचं कशाला? डिक्शनरी आहे ना! व्हॉली म्हणजे बंदुकीची फैर. बॉल म्हणजे गोळी. झालं! वालूरच्या पोलीस पाटलाला लेखी हुकूम गेला की, सायंकाळी पाच ते सात देवळामागं गोळीची फैर झाडण्यास परवानगी आहे.

आम्ही पोरं घेऊन वालूरला पोचलो तर रस्त्यात माणूस नाही. सगळी दारं बंद. दुपारीच दवंडी झालेली, "जनावरं आत बांधा, लेकरं आत घ्या!" आदल्या साली गोळीबाराच्या भयानं अर्ध्या गावानं रानात रात्री काढल्या होत्या, ते दार कोण उघडणार? खुद्द अप्पांच्या बायकोनं अप्पांना घरात घेतलं नाही!

अप्पांचं डोकं फिरलं. पाटलाच्या दारावर थापा मारत ओरडले, "अहो पाटील, आमी खेळायला आलोत! दार उघडा!"

फटीतून पाटलाचा आवाज आला, "खेळा की! मी कुठं न्हाई म्हणायलोय? पण कागदात गोळी एकच लिवलीय. दुसरी झाडलीत तर मी जबाबदार न्हाई!"

* * *

हाली आणि कलदार ज्यांनी एकाच खिशात बाळगले नाहीत, त्यांना आमचा ताप कळायचा नाही. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे हिंदुस्थानचा. सात हाली मोजले की सहा कलदार मिळायचे. भाजीवाली एकात भाव सांगायची आणि दुसऱ्यात पैसे मागायची.

त्या काळात पालमला टूर्नामेंट झाली. पहिलं बक्षीस रुपये पस्तीस! आमची पोरं जीव तोडून खेळली आणि जिंकली. पाकीट उघडलं तर आत हाली.

अप्पा म्हणाले, "हे काय? कलदार कुठायत?"

पालमचा कॅप्टन शांतपणे म्हणतो, "आमी रुपये म्हणलो होतो. हाली रुपया न्हाई का?"

पाच कलदार एका वाक्यात खाल्ले की हो त्यांनी! येताना अप्पा बसमध्ये नुसते बोटांवर काहीतरी मोजत होते.

पुढच्या साली पालमची टीम सेलूला आली. शेवटचा गेम त्यांनी पंधरा-बारा मारला. त्यांची पोरं उड्या मारायला लागली. तेवढ्यात अप्पा गाठींवरून उतरले आणि धोतराचा सोगा हातात धरून थेट जाळीखाली उभे राहिले.

"थांबा! कशाला नाचायलात? हे पंधरा हाली झालेत. कलदारात पुरते तेरा बी भरत न्हाईत. अजून दोन पॉइंट राहिलेत. खेळा!"

पालमचा कॅप्टन कावराबावरा होऊन कादरभाईंकडं बघायला लागला. कादरभाईंनी शिट्टी तोंडातून काढली.

"मॅच तुमची झाली, भाई," ते म्हणाले. "लेकिन हिशोब त्यांचाच बरोबर है!"

* * *

मास्तरांचं दुःख निराळं. निजामाच्या वेळची त्यांची नोकरीची कागदपत्रं उर्दूत आणि जन्मसाल फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी सनातलं. नव्या राजवटीत ती उतरवून घेणाऱ्या शहाण्यानं फसली साल हिजरी समजून हिशोब केला. मास्तर एका दुपारीत आठ वर्षांनी म्हातारे झाले!

हे त्यांना कळलं कसं? तर मास्तर विरुद्ध कारकून अशी मॅच ठरली होती. अट अशी की चाळिशीच्या वरचा खेळाडू नको. मास्तर चड्डी घालून मैदानात उतरले तर हेडमास्तरांनी रजिस्टर पुढं केलं. "तुम्ही बसत नाही, दिगंबरराव."

मास्तर गाठींवर येऊन बसले. "अहो, खेळाचं जाऊ द्या! आठ वर्षं आधी घरी बसवणार हे मला. पोरींची लग्नं कोण करणार, हा रजिस्टरवाला?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. आम्हीही पेटलो. अर्ज केले, परभणीच्या खेपा झाल्या. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, कागदात आहे ते खरं. त्यात मास्तरांचा थोरला भाऊही शिक्षकच. तीन वर्षांनी मोठा. त्याचे कागद मात्र बरोबर उतरलेले.

अप्पा म्हणाले, "मंग भावाला घेऊन जा की सायबापुढं. साक्षीला."

"नेला होता!" मास्तर ओरडले. "साहेबानं दोघांचे कागद पाहिले आणि भावाला म्हणाला, वडीलधाऱ्यांसमोर खुर्चीवर बसू नये, उठा!"

* * *

मराठवाडा मोठ्या मुंबई राज्यात गेला तेव्हा अप्पांनी वालूरला गूळ वाटला. आम्हालाही आणून दिला. पुढं थंडीत क्रिकेट सुरू झालं. आमच्या शेठजींच्या ऑफिसात रेडिओ होता. कॉमेंट्री इंग्रजीत. कळायची एकट्या मास्तरांना, ओरडायचे अप्पा. हैदराबादच्या खेळाडूचं नाव आलं की अप्पांची टाळी!

मास्तर म्हणाले, "अप्पा, टाळ्या कुणाला वाजवता? ते आता परराज्य झालं."

"परराज्य? काल पस्तोर आपलेच होते की!"

"मग गूळ कशाचा वाटलात?"

अप्पा असे भडकले! "गूळ राज्याचा वाटला, मास्तर. टीम बदलायचं मला कोण इचारलं? एका रातीत टीम बदलाय मी काय पुढारी हाय?"

कादरभाईंनी हळूच विचारलं, "मास्तर, पूरा हैदराबाद परराज्य झालं?"

"पूरं."

"माझी सासुरवाडी तिकडं है. ती पण?"

"ती पण."

कादरभाईंनी दोन्ही हात वर केले. "सरकारचे लय उपकार!"

* * *

मग नवे पैसे आले. आण्याचे झाले सव्वासहा. आता पाव पैसा कुणी पाडलाय का? सरकारनं सांगितलं, सहा द्या. आमचा किसन हॉटेलवाला म्हणाला, सात घेणार!

आण्याचा चहा एका रात्रीत सात पैशांना! मास्तरांनी खडूनं त्याच्या भिंतीवर गणित मांडलं. दर कपामागं पाऊण पैसा लूट. दिवसाला कप किती, महिन्याला किती! किसन म्हणाला, "गणित चांगलंय. चहा सातलाच पडंल."

मग मास्तरांनीच तोड काढली. चार चहा एकदम घेतले तर चार आणे, म्हणजे पंचवीस नवे पैसे. पावलीत हिशोब चोख! त्या दिवसापासून नियम झाला, चौघं असल्याशिवाय चहा नाही.

नेमकी त्याच वेळी अप्पांची ज्वारीची काढणी निघाली. आठ दिवस ते वालूरहून हलले नाहीत. आम्ही तिघं रोज हॉटेलसमोर कोरड्या घशानं बसायचो. किसन आतून बघायचा आणि मुद्दाम कपबशा वाजवायचा. पण माघार कोण घेतो!

पाचव्या दिवशी मास्तरांना राहवेना. स्टेशनाकडून एक अनोळखी माणूस गाठोडं घेऊन येत होता. मास्तर रस्त्यात त्याला आडवे गेले.

"अहो पाव्हणं, आम्ही तिघं आहोत, चौथा मिळंना झालाय. जरा हातभार लावता का?"

त्या बिचाऱ्यानं गाठोडं खाली ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघत हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

मास्तर ओरडले, "पाऊण पैसा!"

* * *

आता एकच किस्सा सांगतो. हा खरं तर आधीचा, हाली चालू होता तेव्हाचा.

सोनपेठला टूर्नामेंट होती. फायनल सेलू विरुद्ध सोनपेठ. पंच कोण करायचा? सोनपेठचा कॅप्टन राणबा म्हणून एक उंच, काळा पोरगा होता. तोच म्हणाला, "कादरभाई सेलूचे असले तरी चालतील. त्यांची शिट्टी खोटी वाजत न्हाई."

कादरभाई शिट्टी गळ्यात घालून उभे राहिले. तेवढ्यात व्यासपीठावरून एक पुढारी उठले. वारं फिरल्यावर टोपी घातलेल्यांपैकी. लढ्याच्या दिवसांत त्यांना कुणीही कुठं पाहिलेलं नव्हतं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंच दुसरा बघा. ह्या लोकांचं मन कुठं असतं कुणाला ठाऊक!"

सगळं मैदान कादरभाईंकडं बघायला लागलं. कादरभाईंनी गळ्यातली शिट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि मागच्या रेघेच्या टोकाला, लिंबाखाली जाऊन बसले. आणि आम्ही तिघं? एरवी पाऊण पैशासाठी भिंती रंगवणारे आम्ही! आम्हीही गप्प बसलो. आज इतक्या वर्षांनी त्या पुढाऱ्याचा राग येतो त्याहून जास्त आमचा येतो.

पुढाऱ्यानं आपल्याबरोबरचा एक माणूस पंच केला. मॅच सुरू झाली. दर पॉइंटाला दोन्हीकडची पोरं शिट्टी ऐकायची आणि लिंबाकडं बघायची. कादरभाई खाली मान घालून जमिनीवर काडीनं रेघा मारत होते, पण बॉल पडला की नजर आपोआप रेघेवर जायची.

शेवटचा गेम. सोनपेठ चौदा, आम्ही तेरा. सर्व्हिस त्यांची. राणबानं उडी घेऊन असा बॉल हाणला की तो आमच्या मागच्या रेघेपाशी धूळ उडवून गेला. नव्या पंचानं शिट्टी फुंकली. पॉइंट सोनपेठ! ढाल सोनपेठची! फटाके लागले. लोक आत घुसायला लागले.

राणबानं मात्र हात वर केला नाही. त्यानं लोकांना थोपवलं आणि सरळ लिंबाखाली गेला.

"कादरभाई, बॉल आत का बाहेर?"

"मी पंच न्हाई, बेटा."

"म्हणून तर इचारायलोय."

कादरभाईंनी मान वर केली. "चार बोटं बाहेर."

राणबा माघारी आला. बॉल उचलला आणि आमच्या कॅप्टनच्या हातात दिला. "सर्व्हिस तुमची."

पुढारी उभे राहिले. "अरे, निकाल लागलाय! जिंकलात तुम्ही!"

राणबा म्हणाला, "सायेब, तुमी बसा. म्याच चालू हाय."

आम्ही लागोपाठ तीन पॉइंट घेतले. ढाल सेलूला आली. पण टाळ्या वाजवायला हात उचलेनात. सोनपेठचे लोक राणबावर तुटून पडले. "हातातली ढाल घालवली! येडा हायस का?" तो उत्तर देत नव्हता. आम्ही घाईघाईनं बसकडं निघालो. कादरभाई मध्ये, आम्ही तिघं बाजूला.

एवढ्यात मागून आरोळी आली. एक म्हातारा, धोतर, डोक्याला पटका, हातात काठी, संतापानं लालबुंद होऊन आमच्या मागं पळत येत होता. कुणीतरी म्हणालं, राणबाचा बाप. मास्तरांनी माझा दंड धरला. अप्पा पुढं झाले, "बाबा, जे काय बोलायचं ते आमाला बोला."

म्हाताऱ्यानं अप्पांना काठीनं बाजूला सारलं आणि कादरभाईंसमोर उभा राहिला. त्याला धाप लागली होती. गुडघे धुळीनं माखलेले होते. त्यानं उजव्या हाताची बोटं कादरभाईंच्या नाकासमोर धरली.

"चार म्हणलास तू? चार? मी आत्ता रेघेवर बसून मोजून आलो," तो ओरडला. "तीन हायत, तीन!"