परीक्षेआधी लागलेला नंबर

मेडिकलला माझा नंबर लागला तेव्हा मी बारावीत होते. परीक्षा अजून तीन महिने लांब होती.

आमच्या अप्पांनी काहीतरी भानगड केली असेल, असं कुणाला वाटेल. तसं नाही. अप्पांचं अहमदपूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळक्या मोटारी सोडून त्यांनी आयुष्यात कशातही हात घातलेला नाही. भानगड केली ती मी. तीही लातुरात, हॉस्टेलच्या कॉटवर मांडी घालून, शेंगदाणे खात खात!

लातुरात क्लासच्या रस्त्यानं चार पावलं चाललं की दोन्ही बाजूंच्या फ्लेक्सवरून पहिले आलेलेच तुमच्याकडं बघत असतात. त्यांच्या नजरेतून मान खाली घालून जायचं, क्लासला बसायचं आणि तशीच मान खाली घालून परत यायचं, असा माझा दिनक्रम होता. बायोलॉजी मला जमायचं. फिजिक्स मात्र मला ओळखही दाखवायचं नाही. त्या रविवारच्या टेस्टमध्येही तेच झालं. तोंड पाडून मोबाईल उघडला, तर समोर लिहिलेलं: ‘तुम्हाला कोणतं मेडिकल कॉलेज मिळणार? मोफत जाणून घ्या!’

मोफत म्हटल्यावर मी सरसावून बसले.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या घरात ऑनलाइन सुरक्षेची प्रमुख वक्ता मीच होते. दिवाळीत घरी गेले की अप्पा आणि आईला सतरंजीवर बसवून मी तासभर सांगायची, “कुणाला ओटीपी द्यायचा नाही, जन्मतारीख सांगायची नाही, आधार कार्डाचा फोटो पाठवायचा नाही.” दोघंही पहिलीतल्या लेकरांसारखी माना डोलवायची.

आणि आता मी फॉर्म भरत होते. नाव, मोबाईल नंबर, जन्मतारीख, हॉस्टेलचा पत्ता, अप्पांचा नंबर, फोटो, आधार कार्ड. (दोन्ही बाजूंनी! कोणतीही गोष्ट अर्धवट करायची नाही, हा माझा बाणा.)

माझी रूममेट नाझनीन नांदेडची. तिच्या अब्बांचं तिथं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. बारीक पुर्ज्यांकडं बघायची त्यांची नजर तिच्यात पुरेपूर उतरली होती. ती वाकून म्हणाली, “पल्लवी, कॉलेज सांगायला त्यांना आधार कायको पाहिजे गं?”

“नीट हिशोब करत असतील.”

“आणि आईचं नाव?”

“कुंडली मांडत असतील!” मी वैतागून म्हटलं आणि शेवटच्या रकान्यात ‘कच्चा विषय’ याच्यापुढं ‘फिजिक्स’ असं लिहिलं. फिजिक्सचं एवढं अचूक आणि आत्मविश्वासानं दिलेलं उत्तर मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

मोबाईलवर एक चक्र गरगर फिरलं आणि अक्षरं उमटली, ‘अभिनंदन! मुंबई!’

मी नाझनीनला मिठी मारली. तिनं शांतपणे माझ्या हातातले उरलेले शेंगदाणे काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन आला, “मॅडम, परदेशात डॉक्टर व्हायचंय का?” दुसरा आला, “तुमचं फिजिक्स कच्चं आहे ना?” (हा मात्र मनाला लागला!) तिसऱ्या फोनवरच्या बाईंनी थेट मुलीची उंची आणि रंग विचारला. वधू-वर सूचक मंडळ होतं ते. चौथ्यानं विचारलं, “केस गळतात का?” सकाळी गळत नव्हते. संध्याकाळपर्यंत गळायला लागले.

तिकडं अहमदपूरला अप्पांनाही फोन गेला. “आपल्या मुलीची मुंबईच्या मेडिकल कॉलेजला निवड झालेली आहे. सीट पक्की करण्यासाठी...”

पुढचं अप्पांनी ऐकलंच नाही. आनंदाच्या भरात फोन कट करून ते पेढे आणायला धावले. पुढचं वाक्य पैसे पाठवायचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. अप्पांचा आनंद एवढा मोठा होता म्हणून आम्ही वाचलो!

पण त्या आनंदाला पुढं पाय फुटले. तिसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर फोटो आला. अप्पांच्या दुकानावर दहा बाय पंधराचा फ्लेक्स! एका बाजूला अप्पा मिशीला पीळ देऊन, दुसऱ्या बाजूला मी, मावसबहिणीच्या लग्नातल्या साडीत. वर ‘मुंबई मेडिकलला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली माझं पूर्ण नाव, आणि त्याखाली ‘मार्गदर्शनासाठी संपर्क’ असं म्हणून, हातभर लांब आकड्यांत, माझा मोबाईल नंबर!

मी फोन लावला. “अप्पा, काय लावलंय ते?”

“दिसलं का? स्टँडवरून बी दिसतंय बघ!”

“अहो पण माझी परीक्षाच झाली न्हाई अजून!”

“व्हईल की माय! आता काय घाई हाय? नंबर तर लागला!”

खरं सांगायची ती वेळ होती. पण अप्पांचा आवाज असा फुलला होता की माझ्या तोंडून निघालं, “फोटो तरी बरा टाकायचा.”

मग मार्गदर्शनाचे फोन सुरू झाले. हदगावच्या एका काकूंनी विचारलं, “पोरीनं दिवसाला किती तास बसावं, बाई?”

“काकू, माझं अजून काही झालेलं नाही हो...”

“बघा! एवढं मिळवलं तरी किती नम्र हाय!” काकू मागं कुणाला तरी म्हणाल्या.

चौथ्या फोनपर्यंत मी खुलासा करणं सोडून दिलं. सहाव्याला मी वेळापत्रक सांगत होते. भोकरच्या एका मुलीला तर मी ठणकावून म्हटलं, “फिजिक्सला अजिबात घाबरायचं नाही!” नाझनीननं तोंडावर उशी दाबून घेतली.

इथपर्यंत हसण्यावारी होतं.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत नाझनीन तिचा मोबाईल घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “हे तू उघडलंस का?”

माझ्या नावाचं खातं होतं. फोटो माझाच, फ्लेक्सवरून कापलेला. खांद्याजवळ अप्पांच्या मिशीचं एक टोक तसंच राहिलं होतं. आणि ते खातं आमच्या क्लासच्या मुलींना लिहीत होतं, ‘माझा फोन हरवला गं. तुझा नंबर दे. आणि एक फोटो पाठव ना.’ दोघींनी माझ्यावरच्या विश्वासानं नंबर दिले होते. त्यांतल्या एकीला आता भलतेसलते मेसेज येत होते आणि ती दोन दिवस क्लासला आली नव्हती.

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला.

“घरी सांग,” नाझनीन म्हणाली.

“अप्पा सामान भरून घेऊन जातील मला.”

“आणि नाही सांगितलंस, तर बाकीच्या पोरी तुझंच नाव बघून नंबर देत बसतील. त्यांचं काय?”

दुपारच्या तासाला सरांची परवानगी घेऊन मी दोनशे मुलांसमोर उभी राहिले. “माझ्या नावानं कुणी काही मागितलं तर देऊ नका. ती मी नाही. आणि मुंबईला लागलेली मुलगी... ती पण मी नाही.” वर्ग हसला. पण हसून झाल्यावर पुढच्या बाकांवरच्या सात-आठ मुलींनी मोबाईल काढून पटापट ते खातं ब्लॉक केलं. मग मी घरी फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं, शेंगदाण्यांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अप्पा आणि आई आले. बरोबर थोरले काका. काकांनी खोलीत पाऊल टाकताच निकाल दिला, “म्या आधीच म्हनलो व्हतो, पोरीच्या हाती मोबाईल नगं. चल, भर सामान!”

आई कॉटवर बसली. मी खाली बघत उभी. अप्पा म्हणाले, “सामान कशाला? पोरीनं कागद भरला, चुकलं तिचं. पन नंबर दहा बाय पंधरावर कुनी लावला? तिला गावाकडं न्यायचं तर मला बी न्यायला पायजे.”

“तू गावातच राहतूस की!” काका म्हणाले.

“मग झालं तर. चला पोलिसात.”

मला रडू आलं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि त्याच पदरानं स्वतःचंही.

सायबर विभागात एक तरुण पोलीस मॅडम होत्या. त्यांनी लिहायला घेतलं. “माहिती कुणी चोरली असं वाटतं?”

“चोरली नाही. मीच भरली,” मी म्हटलं.

“आणि फोटो?”

“त्यो म्या लावला,” अप्पा म्हणाले.

“हॉस्टेलचा खोली नंबर वगैरे तरी कुणाला सांगितला नाही ना?”

आईनं घसा साफ केला. “परवा एकाचा फोन आला व्हता. पार्सल द्यायचंय म्हनला. मग म्या खोली नंबर सांगितला. अन् पोरगी सहाला क्लासहून येती, त्याच्या आधी जाऊ नका, हेलपाटा पडंल, असं बी सांगितलं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “चोराला काही काम शिल्लकच ठेवलं नाही तुम्ही!”

पण रागावल्या नाहीत. खोली बदलून घ्या म्हणाल्या, वॉर्डनशी स्वतः फोनवर बोलल्या. मेसेज येणाऱ्या त्या मुलीलाही बोलावून घेतलं. मेसेज पुसू नका, तेच पुरावा आहेत, हे तिला समजावलं. मग आम्हा सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. माझा पासवर्ड माझी जन्मतारीख होता. अप्पांचाही माझी जन्मतारीख होता. काकांचाही तोच निघाला. (काका माझ्यावर एवढं प्रेम करतात, हे मला त्या दिवशी पोलिसांकडून कळलं!)

“तुमची जन्मतारीख तरी ठेवू नका हं, ताई,” मॅडम आईला म्हणाल्या.

“माझी? ती मलाच म्हाईत न्हाई. भूकंप झाला तवा मी सातवीत व्हते, एवढंच.”

“या घरात तेवढी एकच गोष्ट सुरक्षित आहे!” मॅडम म्हणाल्या.

निघताना त्यांनी सांगितलं, ओळखीच्या लोकांना त्या खोट्या खात्याची तक्रार करायला सांगा. अप्पा लगेच कामाला लागले. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, ‘पल्लवीच्या नावाचं खातं खोटं आहे. सगळ्यांनी तक्रार करा.’

गावानं तक्रारी केल्या. एवढी एकी गावानं कुठल्याच निवडणुकीत दाखवली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी खातं बंद पडलं.

माझं. खरं!

खोटं खातं मजेत चालू होतं. वर त्यानं लिहिलं होतं, ‘माझं खोटं खातं बंद केल्याबद्दल सर्वांचे आभार.’ त्याखाली आमच्या गावातल्या साठ लोकांनी नमस्कार केला होता. पहिला काकांचा होता.

शेवटी नाझनीननं अप्पांना फोन लावून एक ओळ लिहून घेतली, ‘ज्या फोटोत मिशी आहे ते खातं खोटं.’ मग कुठं गावाला उमजलं आणि ते खातं गेलं. माझं परत मिळायला महिना लागला. त्या महिन्यात माझा एवढा अभ्यास झाला की फिजिक्सनं मला ओळख दाखवायला सुरुवात केली. मेसेज पाठवणाराही पोलिसांनी शोधून काढला. कोण होता ते इथं लिहीत नाही. (मी आता कुणाचीच माहिती कुठं लिहीत नाही!) ती मुलगी क्लासला परत आली आणि थेट माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं होतं, माझ्याशी कधी बोलणारच नाही.

अप्पांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “पोरगी खरंच लागंल तवा बिननंबराचा लावीन.” पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. दुसऱ्या वर्षी नांदेडला लागलं. खरोखरचं, परीक्षेनंतर.

आता मी नांदेडला शिकते आणि मुलींच्या हॉस्टेलमध्ये ऑनलाइन सुरक्षेवर बोलायला जाते. गेल्या महिन्यात एका ठिकाणी तासभर बोलले. कोणती माहिती द्यायची नाही, का द्यायची नाही, कुणी मागितली तर काय विचारायचं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी खूश होऊन हजेरीची वही पुढं सरकवली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं वही बघितली आणि हात वर केला.

“मॅडम, हजेरीला जन्मतारीख, घरचा पत्ता आणि आईचं नाव कशाला पाहिजे?”

साठ मुली माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांतल्या एकीनंही वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. पूर्ण वहीत एकच ओळ भरलेली होती, सगळे रकाने, स्वच्छ अक्षरात. मुलींना भरताना अडचण नको म्हणून नमुन्यादाखल ती मीच भरून ठेवली होती!