साखर लागली आणि कॅटेगरी गेली

बासष्टच्या सुरुवातीला आमची पलटण अंबाल्याला होती. मी नाईक होतो, एका सेक्शनचा कमांडर. सेक्शन म्हणजे दहा माणसं, एक ब्रेन गन आणि वरून शिव्या खायला एक कमांडर. माझा टूआयसी, म्हणजे माझ्या खालोखालचा, लान्सनाईक किसन वानखडे, हिवरखेडचा. मी अकोल्याचा. आम्ही दोघं वऱ्हाडीत बोलायला लागलो की साताऱ्याकडची पोरं विचारायची, तुम्ही सारखे भांडता कशाला? आम्ही भांडत नव्हतो. आमचं बोलणंच तसं.

रूटीन ठरलेलं. पहाटे पीटी, मग परेड, मग रेंज. त्या थंडीत मला तहान लागायला लागली. जिथे बाकीच्यांना पाण्याची बाटली हातात धरवत नव्हती, तिथे मी माझी संपवून किसनची मागायचो. रात्री चार वेळा उठायचं. वजन उतरलं, बेल्टला नवं भोक पाडावं लागलं. एक दिवस किसन म्हणाला, "नाईक, तुमी जिथं मुतता तिथं मुंगळे लागून राहिले. एमआय रूममधी जा, डॉक्टरले दाखवा."

"तू आपलं काम कर."

"थेच करून राहिलो. जा."

मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी डायबेटिस सांगितला. मी म्हणालो, साहेब, गोळी द्या, उद्या फायरिंग आहे. अख्खा वॉर्ड हसला. माझ्या आजाराला गोळी नव्हतीच. रोज सकाळी मांडीत इन्सुलिनची सुई, जन्मभर. माझी मेडिकल कॅटेगरी 'ए' होती, म्हणजे कुठेही पाठवा, कसंही पाठवा. ती उतरवली आणि तीन महिन्यांची सिक लीव्ह हातात दिली. त्यानंतर नागपूरला मेडिकल बोर्ड. तिथे 'ए' परत मिळाली तर पलटण, नाही मिळाली तर घर. मला घर नको होतं. मला माझं सेक्शन हवं होतं, आणि ते मिळवायचं म्हणजे त्या बोर्डापुढे साखर काबूत दाखवायची, एवढं मी ठरवून टाकलं.

स्टेशनवर माझी ट्रंक किसननेच उचलली. म्हणाला, "लवकर या. तोवर सेक्शन मी संभाळतो. पण लवकर या, मले हे हुकूम देणं काही जमत नाही."

अकोल्याला आलो आणि खरी लढाई सुरू झाली.

आता बोटाला टोचलं की मशीन आकडा सांगते. तुम्ही आजचे लोक तरीही कुरकुर करता. तेव्हा रक्त घरी तपासायची सोय नव्हती. लघवी उकळावी लागायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात ड्रॉपरने लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर. पिवळं झालं तर जास्त. आणि विटकरी झालं की मेलोच. काच तडकते, हात भाजतो, उकळी येऊन सगळं तोंडावर उडतं. ही माझी रोजची परेड.

माझी बायको सुभद्रा. तिने पहिल्याच सकाळी हुकूम काढला, "हे मुताचं भांडं माह्या चुलीजवळ नाई पाह्यजे."

"दिवा वाऱ्यानं विझते बाहेर."

"मंग पाठ करून बसा वाऱ्याकडे. फौजेत एवढंबी नाई शिकवलं काय?"

बसलो. ओसरीच्या कोपऱ्यात, घोंगडीचा आडोसा करून, तोंड भिंतीकडे. तेव्हा आमच्याकडे दारूबंदी. स्पिरिट आणायचं तर डॉक्टरची चिठ्ठी लागायची, आणि दुकानदार चिठ्ठी उन्हाला धरून वाचायचा. आडोशाला निळी ज्योत, काचेची नळी आणि स्पिरिटचा वास. दोन दिवसांत गल्लीभर झालं की मिलिट्रीवाला घरात हातभट्टी लावून राहिला. शेजारचे एक म्हातारबुवा पेला घेऊनच आले. म्हणाले, "आमालेबी घोटभर." मी त्यांना नळीत काय आहे ते सांगितलं. ते पुन्हा आमच्या ओसरीला फिरकले नाहीत.

त्यात माझा थोरला भाऊ महादेव. डॉक्टरने साखर बंद सांगितली होती, त्याने ती अगदी मनापासून बंद केली. चहा गुळाचा करून द्यायला लागला. नळी विटकरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा विटकरी. मी सगळी औषधं तपासली, सुई तपासली, डोकं पिकायची पाळी आली. मग चहाचा घोट नीट चाखला.

"भाऊ, यात गूळ हाय!"

"मंग? साखर बंद सांगतली न? चमचाभर साखर टाकली असंन तं सांग."

गूळ म्हणजे साखरच, हे मी त्याला तीन वेळा समजावलं. तो तिन्ही वेळा हो म्हणाला आणि सुभद्रेला म्हणाला, फौजेत राहून याचा सोभाव खराब झाला. लोक भेटायला यायचे तेही तसेच. कोणी कारल्याचा रस घेऊन, कोणी मेथ्या. कोणी म्हणायचं, तुले कशी रे लागली, हे तर शेठ लोकांचं दुखणं. जसं काही मी शेठजींच्या घरातून चोरून आणलं होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एकदा आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं. सुई घेतली आणि पोटात अन्न गेलं नाही तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटेल, हात कापतील, माणूस बरळेल. तसं झालं तर लगेच साखर खाऊ घाला, थांबू नका. मी मनात म्हणालो, चांगलं आहे, तीन महिने जिला हाकलायचं तिलाच बोलवायचं. माझं लक्ष तिथून उडालं. सुभद्रेचं उडालं नाही.

लीव्ह संपत आली तोवर मी नळीला वठणीवर आणलं. आधी हिरवी, मग फिकट हिरवी, मग निळी. सलग निळी. मी नळी हातात धरून घरभर दाखवत फिरलो. सुभद्रा म्हणाली, "पाह्यली. आता थे मुत फेका."

बोर्डाला मी आणि ती दोघं निघालो. पहाटे अकोल्याहून गाडी. सुई सातला, जेवण साडेसातला, हा माझा नेम. सात वाजता गाडी बडनेऱ्याच्या पुढे होती. मी डब्यातच सुई घेतली. भाकरीचा डबा उघडणार तोच गाडी चांदूर रेल्वेला उभी राहिली, आणि त्याच धक्क्याने डबा वरच्या फळीवरून खाली पडला. भाकरी, वरण, सगळं लोकांच्या पायाखाली. सुभद्रा म्हणाली, "काही खाऊन घ्या खाली उतरून."

पुढे मालगाडी घसरली होती, गाडी हलणार नव्हती. फलाटावर चहावाला होता. किटलीतला चहा साखरेचा. पेढे होते, जिलबी होती. मी म्हणालो, बिनसाखरेचं काही आहे का? तो म्हणाला, "पाणी हाय."

आज बोर्ड. आज नळी निळी पाहिजे. मी पाणी प्यायलो आणि बाकावर ताठ बसलो. सुभद्रा म्हणत राहिली, थोडं खा, थोडं खा. मी तिच्यावर खेकसलो, "मले माह्या सेक्शनमधी जायचं हाय! समजते काय तुले?"

पुढचं मला आठवत नाही. ते सुभद्रेने सांगितलं, आणि ती कुठलीच गोष्ट कमी करून सांगत नाही.

मी उठलो आणि फलाटावर ड्रिल सुरू केली. बाएँ मुड, दाहिने मुड, किसनला हाका. घामाने शर्ट पिळून निघाला. पाय लटपटले, मी एका टोपलीवाल्या बाईच्या अंगावर गेलो. पोलीस आला. त्याने माझी कॉलर धरली.

"सकाळीच टाकली काय रे? चाल चौकीवर."

"ओ जमादार, सोडा त्यायले. थे पेले नाईत. साखरेची बिमारी हाय."

"बाई, साखरेनं कोणी झिंगते काय? मले नका शिकवू."

तिने त्याच्याशी वाद घातला नाही. चहावाल्याचा साखरेचा डबा उचलला आणि माझं डोकं बगलेत धरून गालात बकाणा कोंबला. मी तिच्या हाताला चावलो. तोवर गर्दी जमली होती. त्यातला एकजण तिचा हात धरून ओरडला, "अवो बाई, साखरेची बिमारी म्हंता आन साखर चारता? मारता काय माणसाले?"

"मरू द्या! माहा नवरा हाय, मी पाहून घेईन! हात सोडा!"

दुसरा बकाणा. तिसरा. वरून चहा. पोलिसाने काठी उगारली होती, ती तशीच राहिली. हळूहळू मला समोर तिचा चेहरा दिसायला लागला. मी म्हणालो, "गाडी गेली काय?" तेव्हा ती रडली. तोपर्यंत रडली नव्हती.

नागपूरला पोचलो. बोर्डापुढे नळी धरली आणि ती विटकरी झाली. होणारच, पावशेर साखर पोटात होती. मी अटेन्शनमध्ये उभा राहून घडलेलं सगळं सांगायला लागलो. चांदूर, डबा, पोलीस. कर्नल साहेबांनी लिहिता लिहिता हात वर केला.

"नाईक, नीली भी आती तो भी यही लिखता. जो सुई पर है, वो फ्रंट पर नहीं जाता."

"साहब, मुझे किसी ने बताया नहीं."

"अब बताया."

तीन महिने. भिंतीकडे तोंड करून तीन महिने! मला इतका संताप आला की सलाम ठोकताना टाचांचा आवाज बाहेर सुभद्रेपर्यंत गेला. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तिच्या हाताला माझ्या दातांचे वळ होते. तिने तो हात पदराखाली ठेवला होता.

शरदात पलटण नेफामध्ये, चीनच्या सरहद्दीवर लढायला गेली. सेक्शन किसनकडे होतं. थंडीचे कपडे पुरेसे नव्हते, दारूगोळा पुरेसा नव्हता, हे नंतर वाचलं. मी अकोल्यात रेडिओला कान लावून बसायचो आणि बातमीदाराला शिव्या द्यायचो.

हिवाळ्यात, किसन गेल्याचं कळल्यावर, मी हिवरखेडला त्याच्या घरी गेलो. वाटेत जो भेटेल तो म्हणायचा, नशीबवान हाय बापा, साखर लागली म्हणून वाचला. एकाला मी म्हणालो, पुन्हा बोललास तर थोबाडीत देईन. किसनचे वडील अंगणात कापूस निवडत होते. त्यांनी मला बसायला बाज दिली. मग विचारलं, "तुमी रायते तिथं, तं थो आला असता काय?"

मी खरं ते सांगितलं. "नाई बाबा. आमी दोघंबी नसतो आलो."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कापसाला हात घातला.

माझ्या सेक्शनमधले हे परत आले नाहीत. लान्सनाईक किसन वानखडे. शिपाई शंकर तायडे, ब्रेन गनवर. शिपाई भीमराव कदम, ज्याला तिथे असताना मुलगी झाल्याची तार पोचलीच नाही. शिपाई तुकाराम जाधव. शिपाई गणपत मोरे, सेक्शनमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त खाणारा. डॉक्टरांनी एकेकाला तपासून, छाती ठोकून वर पाठवलं होतं. कोणाला साधं पडसंही नव्हतं. सगळे कॅटेगरी 'ए'.